गाडी डायवरची, लाइन ठेसनाची

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. सिंदेवाहीत दिवसभर ऊन भाजून काढत होतं, म्हणून जेवणं व्हायच्या आधीच आम्ही अंगणात खाटा टाकून बसलो होतो. पावणेआठच्या सुमारास आकाशात एक पेटती रेघ सरकताना दिसली. उल्का पडते तशी झरकन गेली नाही. सावकाश, तुकडे तुकडे होत, मागे ठिणग्यांची शेपटी सोडत ती पुढे गेली आणि झाडांमागे दिसेनाशी झाली. शेजारच्या आजींनी हात जोडले. पोरांनी मोबाइल काढले. माझ्या तोंडून निघालं, "विमान पेटलं वाटते."

रात्रीच बातमी आली. आमच्याच तालुक्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून धातूची एक भलीमोठी रिंग पडली होती. दोन-तीन मीटर व्यासाची. आजूबाजूच्या गावांत पुढच्या दिवसांत धातूचे गोळेही सापडले. रिंग सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात आणून ठेवली. तालुकाभरातले लोक ती बघायला गेले, तसा मीही गेलो. नंतर इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या 'लाँग मार्च' जातीच्या चिनी रॉकेटचा तो शेवटचा टप्पा असावा, असा अंतराळ-अभ्यासकांचा अंदाज होता. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब.

पण त्या रात्री मला झोप लागली नाही, ती वेगळ्याच विचाराने. आमच्या आकाशातून रात्रभर विमानं जातात. दिल्लीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या आणि मुंबईहून कोलकात्याकडे जाणाऱ्या वाटा आमच्या नागपूरच्या आसपासच एकमेकींना छेदतात. त्या पेटत्या रेघेच्या वाटेत एखादं विमान असतं, तर त्याला बाजूला हो म्हणून सांगणं कोणाचं काम होतं? खालच्याचं की वरच्याचं? आणि खालचा एक म्हणाला आणि वरचा दुसरं, तर कोणाचं खरं?

मी निवृत्त शिक्षक आहे. विमान वाहतुकीशी माझा संबंध तिकीट काढण्यापुरता. तरीही या एका प्रश्नामागे गेली काही वर्षं वाचत राहिलो. वाचताना सारखी आठवण येत होती वडिलांची.

*

वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. गोंदियाहून नागभीड, सिंदेवाही, मूल करत चांदा फोर्टला जाणारी आमची लाइन तेव्हा नॅरोगेज होती. एकेरी लाइन. म्हणजे एकाच रुळावरून जाणारी गाडीही धावणार आणि येणारीही. टक्कर टाळायची तर दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी हवी. त्यासाठी पुढच्या स्टेशनाकडून 'लाइन क्लिअर' घ्यायची आणि ती मिळाल्याचा पुरावा चालकाच्या हातात द्यायचा. कुठे तो धातूचा गोळा असे, कुठे नुसता कागद. तो हातात पडल्याशिवाय चालक इंजिन हलवत नसे, मग मागे प्रवाशांनी कितीही आरडाओरडा करो. फोनवर निरोप देणारा स्टेशनमास्तर शेवटी एक 'प्रायव्हेट नंबर' सांगे, पलीकडचा तो आकडा उच्चारून वहीत लिहून घेई. निरोप ऐकला, समजला आणि नोंदला, याची ती खूण.

लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, गाडी खरं म्हणजे कोणाच्या हुकमाने चालते? डायव्हरच्या की मास्तरच्या? ते म्हणाले, "गाडी डायवरची, लाइन ठेसनाची. गाडीत बिघाड दिसला तं मास्तरानं कितीबी हाकललं तरी डायवर हलत नाही. आन् लाइन मोकळी नसन तं डायवर कितीबी घाईत असो, मास्तर सोडत नाही."

तेव्हा हे मला चतुर उत्तर वाटलं होतं. विमानांचा इतिहास वाचल्यावर कळलं की एवढी साधी वाटणी आकाशात व्हायला जवळजवळ ऐंशी वर्षं लागली, आणि प्रत्येक दुरुस्तीच्या आधी माणसं मेली.

*

सुरुवातीला आकाशात स्टेशनमास्तरच नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाची पोती घेऊन निघाले, अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. भारतातल्या नियमित विमानसेवेची ही सुरुवात. त्या छोट्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. खाली जमिनीवरही मार्ग सांगणारं कोणी नव्हतं. नकाशा, होकायंत्र, खालचे रूळ आणि नद्या पाहत वैमानिकाने जायचं. सगळे निर्णय त्याचे एकट्याचे. आकाशात दुसरं विमानच नसेल तर यात काही वावगंही नाही.

दुसरं विमान आलं की काय होतं, ते युरोपात दहा वर्षं आधीच दिसलं होतं. ७ एप्रिल १९२२ ला लंडनहून पॅरिसकडे टपाल नेणारं एक विमान आणि पॅरिसहून लंडनकडे प्रवासी नेणारं दुसरं विमान उत्तर फ्रान्समध्ये समोरासमोर धडकलं. हवा धुकट होती. वाट चुकू नये म्हणून दोन्ही वैमानिक खालचा एकच रस्ता धरून उडत होते. सात माणसं गेली. दोघांनीही आपापल्या परीने शहाणपणाच केला होता. रस्ता धरून उडणं हीच तेव्हाची रीत होती. फक्त, दोन शहाणी माणसं एकाच रस्त्यावर आहेत हे सांगणारं तिसरं कोणी नव्हतं.

हा तिसरा माणूस अमेरिकेत आला तो सरकारच्या हुकमाने नव्हे. १९३५ च्या डिसेंबरात न्यूअर्क विमानतळावर विमान कंपन्यांनीच वर्गणी काढल्यासारखं करून एक नियंत्रण कक्ष उघडला. टेबलावर नकाशा, फळ्यावर विमानांची नावं आणि वेळा, आणि नकाशावर हाताने सरकवायच्या खुणा. गंमत म्हणजे या कक्षातल्या माणसाला वैमानिकाशी थेट बोलताच येत नसे. तो कंपनीच्या माणसाला फोन करी, कंपनीचा माणूस रेडिओवरून वैमानिकाला सांगे. पुढच्याच वर्षी सरकारने हे काम आपल्याकडे घेतलं.

*

आपल्याकडे ही गोष्ट सगळ्यात सुंदर दिसते ती नागपूरला. ३० जानेवारी १९४९ पासून 'नाइट एअर मेल' सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार टोकांहून रात्री चार विमानं निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्याला पोचू लागलं ते असं. मद्रास ते नागपूर अशी सरळ रेघ नकाशावर ओढली तर ती आमच्या तेव्हाच्या चांदा जिल्ह्यावरूनच जाते.

आता त्या मध्यरात्रीची कल्पना करा. चार दिशांनी चार विमानं एकाच ठिकाणी, साधारण एकाच वेळी येताहेत. रडार नाही. खालच्या माणसाला आकाशात काहीच दिसत नाही. त्याच्यापुढे असतो एक कागद, घड्याळ आणि कानावर येणारे आवाज. वैमानिक सांगतो, मी अमुक ठिकाणी, अमुक उंचीवर, इतक्या वाजता पोचेन. खालचा ते लिहून घेतो, चौघांना वेगवेगळ्या उंच्या नेमून देतो, एकाला खाली बोलावतो, बाकीच्यांना वर घिरट्या घालायला सांगतो.

या पद्धतीत माहिती सगळी वैमानिकाकडे आहे आणि सगळ्यांचं चित्र मात्र फक्त खालच्याकडे. वैमानिकाला आपली उंची ठाऊक, दुसऱ्याची नाही. नियंत्रकाला चौघांच्याही उंच्या ठाऊक, पण त्या त्यांनी सांगितल्या म्हणून. एकाने चुकीचं सांगितलं की चित्रच चुकलं. म्हणून वैमानिकाने प्रत्येक सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, ही शिस्त जगभर पडली. तिला 'रीडबॅक' म्हणतात. मला त्यात प्रायव्हेट नंबर ऐकू येतो.

आंतरराष्ट्रीय नियमही याच सुमारास आकार घेत होते. १९४४ च्या शिकागो कराराने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा पाया घातला. तिच्या नियमांत एक वाक्य आजही उभं आहे. त्याचा आशय असा की विमानाबाबतचा शेवटचा अधिकार विमानाच्या प्रमुख वैमानिकाचा. नियंत्रक परवानगी देतो, अंतर राखतो. पण सुरक्षिततेसाठी गरज पडली तर वैमानिक 'जमत नाही' म्हणू शकतो. गाडी डायवरची, लाइन ठेसनाची.

*

मग घोटाळा कुठे होतो? जिथे लाइन कोणाचीच नसते तिथे पहिला.

३० जून १९५६ ला अमेरिकेत ग्रँड कॅनियनवर दोन प्रवासी विमानं धडकली. १२८ माणसं गेली, कोणी वाचलं नाही. तो पट्टा नियंत्रित आकाशाच्या बाहेरचा होता. तिथला नियम असा की वैमानिकांनी बघावं आणि एकमेकांना टाळावं. दोन्ही विमानं एकाच उंचीवर त्या भागात असणार आहेत, ही माहिती खाली जमा झाली होती. पण ती वैमानिकांना कळवणं हे नियंत्रकाचं कर्तव्य नव्हतं, म्हणून ती कळवली गेली नाही. कायद्याने कोणाचीच चूक नव्हती, आणि लोकांच्या रागाचं कारणही तेच होतं. दोन वर्षांत अमेरिकेने विमान वाहतुकीसाठी नवीन केंद्रीय यंत्रणा उभी केली, रडारवर पैसा ओतला आणि आकाशाचे मोठाले पट्टे नियंत्रणाखाली आणले.

दुसरा घोटाळा आपल्या देशातला. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ, हरियाणातलं चरखी दादरी. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ वर चढत होतं. कझाकस्तानचं इल्युशिन ७६ दिल्लीला उतरायला येत होतं. दोघं एकाच हवाई मार्गावर, समोरासमोर. दिल्लीभोवतीच्या आकाशाचा बराच भाग लष्कराच्या ताब्यात असल्याने नागरी विमानांना जायला आणि यायला तेव्हा एकच अरुंद वाट होती. आमच्या नॅरोगेजसारखी एकेरी लाइन. टक्कर टळायची ती फक्त उंचीच्या फरकाने. नियंत्रकाने सौदी विमानाला १४ हजार फुटांपर्यंत चढायची परवानगी दिली होती आणि कझाक विमानाला १५ हजारांपर्यंत उतरायची. मध्ये एक हजार फूट. समोरून विमान येतंय, किती मैलांवर आहे, हेही त्याने कझाक विमानाला सांगितलं होतं. ते विमान १५ हजारांवर थांबलं नाही, खाली येत राहिलं. ३४९ माणसं गेली. हवेत झालेल्या टकरींमध्ये जगात एवढे बळी कधीच गेलेले नाहीत.

न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने दोष कझाक विमानाच्या उंची न पाळण्यावर ठेवला. पण तपशील वाचताना दोन गोष्टी मनात रुतून बसतात. एक, दिल्लीला तेव्हा जे रडार वापरात होतं, त्याच्या पडद्यावर विमानाचा ठिपका दिसे, उंची दिसत नसे. नागपूरच्या मध्यरात्रीला जवळजवळ पन्नास वर्षं होत आली होती, तरी उंचीच्या बाबतीत नियंत्रक अजून कानावरच विसंबून होता. दोन, कझाक विमानात नियंत्रकाशी रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता आणि विमान चालवणारे वेगळे. 'पंधरा हजार' हा आकडा जमिनीवरून विमानात पोचला, पण विमानातल्या विमानात त्याचा पुढचा प्रवास नीट झाला नाही. टोकन स्टेशनातून निघालं, ते चालकाच्या हातात पडलं नाही.

त्यानंतर दिल्लीला येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारं रडार वापरात आलं आणि भारताच्या आकाशात येणाऱ्या मोठ्या विमानांना टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं.

*

या यंत्राला 'टीकॅस' म्हणतात. अमेरिकेत ते १९९३ अखेर मोठ्या प्रवासी विमानांना सक्तीचं झालं होतं. दोन विमानांमधली यंत्रं एकमेकांशी बोलतात. टक्कर होण्याआधी अर्धा मिनिट किंवा त्याहून कमी वेळ उरला की एका वैमानिकाला 'वर चढ' आणि दुसऱ्याला 'खाली उतर' असा हुकूम देतात. खालच्या माणसाला विचारत नाहीत. तेवढा वेळच नसतो.

म्हणजे आता हुकूम देणारे तीन झाले. वैमानिक, नियंत्रक आणि यंत्र. तिसरा घोटाळा इथला.

३१ जानेवारी २००१ ला जपानमध्ये जपान एअरलाइन्सचीच दोन मोठी विमानं थोडक्यात वाचली. नियंत्रकाने दोन उड्डाणांच्या क्रमांकांची अदलाबदल करून सूचना दिली. एका वैमानिकाने नियंत्रकाचं ऐकलं, दुसऱ्याने यंत्राचं, आणि दोन्ही विमानं खाली उतरू लागली. शेवटच्या क्षणी एका वैमानिकाने नजरेने पाहून विमान वाकवलं. दोन्हीत मिळून ६७७ माणसं होती. अनेक जखमी झाले, मेलं कोणी नाही. माणसं मेली नाहीत म्हणून की काय, जगाने धडा घ्यायला वेळ लावला.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या उबरलिंगनवर तेच पुन्हा झालं. एक रशियन प्रवासी विमान, त्यात सहलीला निघालेली शाळकरी मुलं. दुसरं मालवाहू बोइंग. तो पट्टा झुरिकच्या नियंत्रण कक्षाकडे होता. तिथे त्या वेळी एकच नियंत्रक दोन जागांचं काम सांभाळत होता, सहकारी विश्रांतीला गेला होता. फोनची मुख्य लाइन दुरुस्तीसाठी बंद होती. धोका लक्षात आल्यावर त्याने रशियन विमानाला सांगितलं, खाली उतरा. त्याच वेळी यंत्राने त्या विमानाला सांगितलं, वर चढा. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. मालवाहू विमानाच्या वैमानिकांनी यंत्राचं ऐकलं, आणि यंत्र त्यांना खाली उतरायला सांगत होतं. ७१ माणसं गेली. दीड वर्षाने मृत कुटुंबातल्या एका बापाने त्या नियंत्रकाला त्याच्या दारात भोसकून मारलं.

या अपघातापाशी मी बरेच दिवस अडकलो. एका शिक्षकाला त्यातली मुलं विसरता येत नाहीत, हे एक कारण. दुसरं असं की यात बेजबाबदार वागलेला माणूसच सापडत नाही. नियंत्रक दोन विमानांना दूर करू पाहत होता. रशियन वैमानिक त्याच्या शिकवणीप्रमाणे नियंत्रकाचं ऐकत होता. बोइंगचा वैमानिक त्याच्या शिकवणीप्रमाणे यंत्राचं. दोघांच्या हातातली पुस्तकं या एका मुद्द्यावर सारखं बोलत नव्हती. शेवटचा शब्द कोणाचा, हे त्या अर्ध्या मिनिटात ठरवायची वेळ आली आणि ते तेव्हा ठरणं शक्यच नव्हतं. ते आधी, शांतपणे, टेबलाभोवती बसून ठरायला हवं होतं.

नंतर ठरलं. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम निःसंदिग्ध केले गेले. यंत्राचा हुकूम आला की वैमानिकाने तो पाळायचा, नियंत्रक उलट सांगत असला तरी. वैमानिकाने तसं कळवलं की नियंत्रकाने त्या विमानाला सूचना देणं थांबवायचं. धोका टळला की लाइन पुन्हा खालच्याची. मला वाटतं, निर्णय वाटून घेणं म्हणजे काय ते इथे नीट दिसतं. दोघांनी अर्धा-अर्धा घ्यायचा असं ते नसतं. कोणत्या घडीला कोणाचा शब्द शेवटचा, आणि त्या घडीला दुसऱ्याने गप्प कधी बसायचं, हे दोघांनाही आधीपासून सारखंच ठाऊक असणं म्हणजे वाटणी.

*

'गप्प बसणं' किती अवघड असतं, ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. मी बरीच वर्षं गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यात शिकवत होतो. तिकडच्या आतल्या मतदान केंद्रांवर कर्मचाऱ्यांना हेलिकॉप्टरने नेतात, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. एका निवडणुकीत आमचंही पथक तसं निघालं. एवढ्या खालच्या उंचीवर, जंगलाच्या माथ्यावरून जाताना तिथे ना टॉवर ना रडार. वैमानिकाचे डोळे, आणि उतरायच्या मैदानात वॉकीटॉकी घेऊन उभा असलेला एक जवान.

मैदान दिसलं. खालून 'मैदान मोकळं आहे, या' असा निरोप आला. आम्ही खाली येऊ लागलो आणि एकदम हेलिकॉप्टर पुन्हा वर उचललं गेलं. आमच्या पोटात गोळा. खालून परत, या म्हणून. वैमानिकाने नाही म्हटलं आणि एक मोठी फेरी मारली. तेव्हा खिडकीतून आम्हालाही दिसलं. आवाजाने बिथरलेली गुरं जवानाच्या पाठीमागून मैदानात शिरली होती. त्याचं तोंड आमच्याकडे, वर. त्याच्या बाजूने मैदान मोकळंच होतं. गुरं हाकलल्यावर त्याने पुन्हा निरोप दिला, आम्ही उतरलो. दोघांमध्ये शब्दाने वाद झाला नाही. जवानाने कपाळावरचा घाम पुसून सलाम ठोकला, वैमानिकाने मान हलवली. मी मात्र दिवसभर मतदारयादी वाचताना तेच आठवत होतो. कोणीच खोटं बोललं नव्हतं. दोघांनाही अर्धंच मैदान दिसत होतं.

*

१९९५ च्या सुमारास अमेरिकेत एक नवा विचार जोरात होता, 'मुक्त उड्डाण'. उपग्रहामुळे विमानाला आपली जागा अचूक कळते, दुसऱ्याचीही कळू शकते. मग वैमानिकानेच आपली वाट आणि वेग निवडावा, खालच्याने गरज पडली तरच मध्ये पडावं. इंधन वाचेल, वेळ वाचेल. पुढे नासानेही निर्णय हवा आणि जमीन यांत कसे वाटता येतील यावर बरंच काम केलं. जेआरडींच्या स्वातंत्र्याकडे परत जाण्यासारखंच ते होतं, फक्त या वेळी आकाश भरलेलं होतं.

तो विचार पूर्णपणे उतरला नाही, पण तुकड्यातुकड्याने आला. पोर्तुगालने २००९ मध्ये आपल्या वरच्या आकाशात ठरलेल्या वाटा सोडून सरळ रेघेत उडायची मुभा दिली, युरोपात इतरांनी ती उचलली. वाट विमानाने निवडावी, अंतर राखायची जबाबदारी मात्र नियंत्रकाचीच, अशी ती तडजोड आहे. आपल्याकडे २७ नोव्हेंबर २००३ पासून २९ हजार फुटांच्या वर दोन विमानांमधलं उभं अंतर दोन हजारांवरून एक हजार फुटांवर आलं, म्हणजे तेवढ्याच आकाशात जास्त मजले झाले. मे २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनी सांगितलं की देशाचं फक्त ६० टक्के आकाश नागरी विमानांना मोकळेपणी मिळतं, ते वाढवायचं आहे. चरखी दादरीची अरुंद वाट आठवली की या आकड्याचा अर्थ कळतो.

आणि मे २०२४ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने एका योजनेसाठी प्रस्ताव मागवले. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि गुवाहाटी अशा भागांत वाटलेलं देशाचं वरचं आकाश एकत्र करून त्याचं नियंत्रण एका जागेहून करायचं. जागा नागपूर. योजनेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळून 'ईशान' असा शब्द होतो. जिथे चार टोकांची चार विमानं मध्यरात्री एकमेकांना भेटत होती, तिथेच सगळ्या देशाच्या विमानांचं चित्र एका भिंतीवर दिसावं, हा योग मला आवडतो. भूगोल बदलत नाही. पण एक काळजीही वाटते. चित्र जितकं मोठं, तितका त्याच्याकडे बघणारा माणूस दूर. त्याला सगळं मैदान दिसेल, तरी पाठीमागची गुरं दिसतीलच असं नाही. म्हणून वैमानिकाचं 'जमत नाही' हे कितीही मोठा पडदा आला तरी खोडता कामा नये.

*

लाडबोरीच्या रिंगेकडे परत येतो, कारण माझा मूळ प्रश्न सुटला आहे असं नाही.

त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला आणखी एका चिनी रॉकेटचा मोठा तुकडा खाली येत होता. स्पेनने आपल्या आकाशाचा एक पट्टा सुमारे ४० मिनिटं बंद ठेवला, शेकडो उड्डाणं खोळंबली. तुकडा अखेर प्रशांत महासागरात पडला आणि उगाच एवढा गोंधळ केला म्हणून काहींनी नावं ठेवली. मला ते नाव ठेवणं पटत नाही. तिथे निदान कोणीतरी लाइन बंद केली होती. तिचा हुकूम वैमानिकांनी परत म्हणून दाखवला होता. आमच्या आकाशात गुढीपाडव्याला जे आलं, त्याला वैमानिक नव्हता, ते कोणाच्या परवानगीने येत नव्हतं आणि ते कोणाला 'जमत नाही' म्हणू शकत नव्हतं. खाली अंगणात बसलेले आम्ही तर त्या बोलण्यात कुठेच नव्हतो. विमानांच्या शंभर वर्षांत वरचा आणि खालचा यांच्यात जी भाषा घडली, ती एवढी माणसं गमावून घडली. अंतराळातून येणाऱ्या भंगारासाठी ती अजून घडायची आहे. तिची वाट बघताना किती मोजावं लागेल, ते सांगता येत नाही.

उन्हाळ्यात आम्ही अजूनही अंगणात झोपतो. नातू आला की लुकलुकणारे दिवे मोजतो. त्याला मी सांगतो की या प्रत्येक दिव्याशी कोणीतरी खालून बोलतंय, एक आकडा सांगतंय, आणि वरचा तो आकडा परत म्हणतोय. मग आजोबांच्या वडिलांची गोष्ट, लाइन क्लिअर, प्रायव्हेट नंबर. त्याला ती पाठ झाली आहे.

मागच्या वेळी त्याने मध्येच थांबवून विचारलं, "आन् ते रिंग पडली तवा? तवा कोन बोलत होतं?"

मी म्हटलं, कोणीच नाही.

तो थोडा वेळ वर बघत राहिला. मग खाट ओढत ओसरीवर, कौलांखाली नेऊन झोपला.